आईच्या रक्तातले ऊन

स्वीडनमध्ये स्थायिक झालेली सोमाली कुटुंबे ऑटिझमला ‘स्वीडिश आजार’ म्हणू लागली होती. मायदेशी असे मूल पाहिल्याचे त्यांना आठवत नव्हते. स्टॉकहोमला आल्यावर मात्र आपल्याच लोकांच्या घराघरांत न बोलणारी, हाकेला ओ न देणारी मुले दिसू लागली. २००८ मध्ये तिथल्या संशोधकांनी शाळकरी वयाच्या मुलांची मोजणी केली, तेव्हा ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही असलेल्यांचे प्रमाण सोमाली आईबापांच्या मुलांत ०.७ टक्के आणि बाकीच्या मुलांत ०.१९ टक्के निघाले. जवळजवळ चौपट. संशय उन्हाकडे वळला: सावळी त्वचा, अंगभर वस्त्रे आणि हिवाळ्यात जेमतेम काही तास उगवणारा सूर्य हे तिन्ही एकत्र आले की शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व बनणे जवळपास थांबते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातले मनोविकारतज्ज्ञ जॉन कॅनेल यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात उघडच मांडले, की ऑटिझमच्या वाढत्या संख्येमागे गरोदरपणातली आणि बालपणातली ‘ड’ची कमतरता असावी. तेव्हापासून हा धागा जगभर ओढला जातो आहे आणि आपल्याकडेही मुलाचे निदान झाल्यावर ज्या पहिल्या रक्ततपासण्या सुचवल्या जातात, त्यांत ‘ड’ची तपासणी बहुधा असतेच. अहवालावर आकड्यापुढे ‘कमी’ असे छापून आले की घरातल्यांना वाटते, सापडले कारण. माझे म्हणणे असे, की त्या आकड्यावर उपचार जरूर करावा. पण त्याला ऑटिझमचे कारण म्हणण्याइतका पुरावा आज नाही, आणि तसे म्हणण्याची किंमत दोघांना मोजावी लागते: आईला आणि मुलाला.

सोमाली कुटुंबांची गोष्ट आधी पुरी करू, कारण ती पुढे कुणी सांगत नाही. अमेरिकेत मिनियापोलिस शहरात सोमाली लोकांची मोठी वस्ती आहे आणि तिथेही अशीच काळजी व्यक्त होऊ लागली होती. मिनेसोटा विद्यापीठाने मोजणी केली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. सोमाली मुलांत ऑटिझम दर ३२ मुलांमागे एक, आणि गोऱ्या मुलांत दर ३६ मागे एक. म्हणजे दखल घ्यावी असा फरक नाहीच. फरक होता तो तीव्रतेत. ऑटिझम असलेल्या सोमाली मुलांमध्ये बौद्धिक अक्षमताही बरोबरीने असण्याचे प्रमाण बरेच जास्त होते. ऊन हेच मुख्य कारण असते, तर त्याच थंड आकाशाखाली सावळ्या आणि गोऱ्या मुलांच्या प्रमाणात ठळक तफावत दिसायला हवी होती. शिवाय ‘मायदेशी असे मूल नव्हते’ या आठवणीचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. जिथे निदान करणारे कुणी नसते तिथे आजार नसतो असे नाही. त्याला फक्त नाव नसते. आपल्या खेड्यांतही अशा मुलांना कालपरवापर्यंत ‘मुका’, ‘वेडसर’ किंवा ‘भोळसट’ एवढीच नावे होती.

तरीही हे गृहीतक हवेत उभे केलेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ‘ड’ नावाला जीवनसत्त्व असले तरी शरीरात ते संप्रेरकासारखे वागते. त्याला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहक-रेणूंच्या जागा मेंदूतही आहेत. ऑस्ट्रेलियात जॉन मॅकग्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या माद्यांना गरोदरपणात ‘ड’पासून वंचित ठेवले, तेव्हा पिल्लांच्या मेंदूची जडणघडण वेगळी दिसली. माणसांमध्येही पुरावा साचत गेला. रॉटरडॅममधल्या हजारो माता आणि मुलांच्या पाहणीत, गरोदरपणी ज्यांचे ‘ड’ फार कमी होते त्यांच्या मुलांमध्ये ऑटिझमसदृश लक्षणे थोडी अधिक आढळली. स्वीडनमध्ये तर नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेले आणि कागदावर वाळवून जपलेले रक्ताचे थेंब वर्षानुवर्षांनी तपासले गेले. एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, तेव्हा ज्याला पुढे ऑटिझमचे निदान झाले त्याच्या जन्मवेळच्या थेंबात ‘ड’ सरासरीने कमी निघाले. २०२५ मध्ये डेन्मार्कमधला ७१,७९३ जणांचा अभ्यास आला, आणि त्यातही जन्मवेळच्या कमी ‘ड’चा स्किझोफ्रेनिया, एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार) आणि ऑटिझमशी संबंध दिसला. इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी, इतक्या वेगवेगळ्या पद्धतींनी एकाच दिशेची खूण उमटते, तेव्हा ती झटकून टाकणे शास्त्रीय नाही.

पण ‘संबंध’ हा शब्द फार फसवा आहे. पावसाळ्यात छत्र्या विकल्या जातात आणि पावसाळ्यातच डेंग्यू वाढतो. म्हणून छत्रीने डेंग्यू होत नाही. ‘ड’च्या बाबतीत ही गोष्ट नुसत्या उपमेवर सोडायची गरज नाही, कारण कोपनहेगनमध्ये एका चाचणीने ती जवळजवळ प्रयोगशाळेत दाखवावी तशी दाखवली आहे. सुमारे सहाशे गर्भवतींना चोविसाव्या आठवड्यापासून, चिठ्ठ्या टाकून, दोन गटांत विभागले. एका गटाला रोज ४०० युनिट ‘ड’ मिळाले, दुसऱ्याला २,८००. कुणाला काय मिळते आहे हे ना त्या बाईला माहीत, ना डॉक्टरला. मूळ हेतू बाळांच्या दम्याचा होता. मुले दहा वर्षांची झाल्यावर मात्र त्यांची बारकाईने मानसिक तपासणी झाली आणि निष्कर्ष २०२४ मध्ये छापून आले. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत, आणि त्या एकत्रच वाचायला हव्यात. गोळ्या सुरू होण्यापूर्वी ज्या बायकांच्या रक्तात ‘ड’ भरपूर होते, त्यांच्या मुलांत ऑटिझम कमी आढळला. म्हणजे तोच ‘संबंध’, पुन्हा एकदा. आणि ज्यांना सातपट मात्रा दिली त्यांच्या मुलांत ऑटिझम कमी झाला का? नाही. एडीएचडी? तोही नाही. त्याच बायका, तीच मुले, तेच तपासनीस. रक्तात ‘ड’ आपोआप जास्त असणे शुभ दिसले; बाहेरून वाढवल्याने काही बदलले नाही.

या कोड्याचे सरळ उत्तर असे, की रक्तातले ‘ड’ हे त्या बाईच्या एकूण जगण्याचे प्रतिबिंब असते. कुणाचे ‘ड’ चांगले असते? जिला घराबाहेर पडायला वेळ आणि जागा आहे, जिची प्रकृती धडधाकट आहे, जिच्या ताटात मासे, अंडी, दूध आहे, जिचे वजन आटोक्यात आहे. ‘ड’ चरबीत विरघळते, त्यामुळे स्थूल व्यक्तीच्या रक्तात ते कमी सापडते. आणि गरोदरपणातली स्थूलता व मधुमेह यांचा ऑटिझमशी असलेला संबंध स्वतंत्रपणेही नोंदलेला आहे. शरीरात दीर्घकाळ दाह असेल तरी ‘ड’ची पातळी खाली येते. म्हणजे दहा-बारा गोष्टींची सावली एकाच आकड्यावर पडते, आणि आपण सावलीला औषध पाजायला निघतो. ‘ड’च्या बाबतीत हे प्रथमच घडते आहे असेही नाही. कमी ‘ड’ आणि हृदयविकार, कमी ‘ड’ आणि कर्करोग, कमी ‘ड’ आणि नैराश्य असे संबंध दाखवणारे शोधनिबंध ढिगाने होते. मग अमेरिकेत २५,८७१ लोकांवर ‘व्हायटल’ नावाची चाचणी झाली. रोज २,००० युनिट, सरासरी पाच वर्षे. कर्करोग होण्याचे प्रमाण घटले नाही, हृदयविकार घटला नाही, नैराश्यही टळले नाही. संबंध खरे होते, त्यांचा अर्थ चुकला होता.

यावर जाणकार दोन आक्षेप घेतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला: चोविसाव्या आठवड्यात गोळी सुरू करणे म्हणजे वरात निघून गेल्यावर घोडा आणणे; मेंदूची पायाभरणी त्याआधीच होऊन जाते. दुसरा: डेन्मार्कच्या बायकांत मुळात फारशी कमतरता नव्हती, भरल्या भांड्यात पाणी ओतून काय दिसणार? खरा लाभ असलाच तर तो अगदी खालच्या पातळीवर असलेल्या बायकांना मिळेल. मला हे आक्षेप मान्य आहेत. पण त्यांतून निघते ते एवढेच, की प्रश्न अजून उघडा आहे. उत्तर ‘होय’ आहे असे त्यांतून निघत नाही. आणि या प्रश्नाची चाचणी घ्यायला जगात भारतासारखी दुसरी जागा नाही. इथे ऊन भरपूर असून ‘ड’ची कमतरता सर्रास आढळते. गर्भधारणेच्या आधीपासून, कमतरता असलेल्या बायकांना, पुरेशा मात्रेत ‘ड’ देऊन त्यांच्या मुलांचा दहा वर्षे पाठपुरावा करणारी चाचणी इथे व्हावी, पुण्या-मुंबईतल्या संस्थांनी त्यात पुढाकार घ्यावा. अर्थात कमतरता ठाऊक असलेल्या बाईला चाचणीसाठी उपचाराविना ठेवणे अनैतिक ठरेल, म्हणून तुलना दोन मात्रांचीच करावी लागेल, जशी डेन्मार्कमध्ये केली. ती होईपर्यंत ‘सिद्ध झाले आहे’ असे सांगणाऱ्याने आपल्याजवळ नसलेले नाणे चालवू नये.

डेन्मार्कच्या २०२५ च्या अभ्यासात जनुकीय विश्लेषणही होते, आणि त्यातून ‘कमी ड’ हे केवळ सोबती नसून काही अंशी कारण असू शकते याला थोडा आधार मिळतो, असे त्याचे लेखक म्हणतात. तेही मानू. तरी प्रमाणाचे भान सुटायला नको. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया या पाच ठिकाणच्या वीस लाख मुलांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, ऑटिझम होण्या-न होण्यातला सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक आहे. उरलेल्या हिश्शात अकाली जन्म, आईबापाचे वय, गरोदरपणातले आजार आणि आणखी कितीतरी वाटेकरी आहेत. ‘ड’ला त्यात वाटा मिळालाच, तर तो लहान असेल.

आता जन्मलेल्या, निदान झालेल्या मुलाकडे येऊ. ऑटिझम असलेल्या मुलांच्या रक्तात ‘ड’ कमी सापडते, हे बहुतेक पाहण्यांत दिसते. पण इथे घोडा कोणता आणि गाडी कोणती? यातली कितीतरी मुले खाण्याच्या बाबतीत कमालीची निवडक असतात. कुणी फक्त पांढरा भात खाईल, कुणी फक्त बिस्किटे. दुधाचा वास सोसत नाही, अंड्याचा स्पर्श सोसत नाही. गर्दी आणि आवाज सहन होत नाही म्हणून बाग नको, मैदान नको. बाकीची मुले खेळायला घेत नाहीत, शेजारी टक लावून पाहतात, म्हणून आईच त्याला बाहेर नेणे सोडून देते. अशा मुलाचे ‘ड’ कमी असेल नाहीतर काय? ती ऑटिझमसोबतच्या आयुष्याची खूण आहे. मग ‘ड’ दिल्याने लक्षणे कमी होतात का? इजिप्तमधून २०१६ मध्ये ‘होतात’ असे सांगणारी चाचणी प्रसिद्ध झाली, जगभर गाजली, पालकांच्या गटांतून फिरली. पुढे त्या नियतकालिकाने ती मागे घेतली. मागे घेतल्याची बातमी मात्र तितकी फिरली नाही. आयर्लंडमध्ये ४२ मुलांवर नीट बेतलेली चाचणी झाली, रोज २,००० युनिट, वीस आठवडे. ज्या मुख्य लक्षणासाठी ती घेतली त्यात गोळीने फरक पडला नाही.

‘पण अपाय तर नाही ना, मग द्यायला काय हरकत?’ हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि सर्वांत कमी तपासला जातो. योग्य मात्रेत ‘ड’ निर्धोक आहे, यात शंका नाही. पण ‘ब’ आणि ‘क’ जीवनसत्त्वांचा जादा साठा लघवीवाटे निघून जातो तसे ‘ड’चे होत नाही. ते चरबीत साठत राहते. आपल्याकडे साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्याला एक या हिशेबाने देतात. ‘आठवड्याला’ हा शब्द ऐकायचा राहिला आणि ती रोज दिली गेली, की रक्तातले कॅल्शियम वाढते. मुलाला मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ यांचा त्रास होतो, वारंवार तहान लागते, ते सुस्त होते, मूत्रपिंडाला इजा होते. सहा लाख युनिटचे इंजेक्शनही बाजारात मिळते. आणि नीट विचार करा, ज्या मुलाला पोट दुखते हे शब्दांत सांगता येत नाही, त्याचा त्रास चिडचिड म्हणून, डोके आपटणे म्हणून बाहेर येतो आणि तो ‘ऑटिझम वाढला’ अशा खात्यात जमा होतो. हा धोका बोलत्या मुलापेक्षा न बोलत्या मुलाला अधिक. दुसरा अपाय डोळ्यांना दिसत नाही, तो वेळेचा आहे. दोन ते पाच या वयात भाषा आणि संवाद यांवर केलेले काम जितके फळते, तितके पुढे कितीही पैसा ओतला तरी फळत नाही. ‘आधी ड भरून काढू, मग बघू’ म्हणत गेलेले सहा महिने त्याच वर्षांतून वजा होतात.

आणि आई. या विषयात मला सर्वांत जास्त चिंता तिचीच वाटते. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले, त्यातच पालकांच्या कोरडेपणाकडे बोट गेले होते. पुढे शिकागोत ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकातून त्या कल्पनेला सिद्धान्ताचा थाट दिला: आई मायेने थंड, म्हणून मूल आपल्या कोशात. एका अख्ख्या पिढीतल्या आया हा शिक्का कपाळावर घेऊन जगल्या. १९६९ मध्ये कॅनर यांनीच पालकांच्या मेळाव्यात त्यांना या आरोपातून मुक्त केले, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. मायेच्या जागी मग इतर गोष्टी आल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदर बायकांना पॅरासिटामॉल टाळायला सांगितले, तेव्हाही बोट तिच्याकडेच होते; स्वीडनमधल्या जवळपास पंचवीस लाख मुलांच्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना करताच तो संबंध विरून गेल्याचे २०२४ मध्येच छापून आले होते, तरीही. आता तिने ऊन किती घेतले याचा हिशेब मागितला जातो आहे. आपल्या घरांत हा हिशेब कसा मांडला जातो हे सांगायला नको. सासरचे विचारतात, ‘गोळ्या वेळेवर घेतल्या नव्हत्यास का?’ आणि ती स्वतः तर रात्र रात्र हेच विचारत असते. उन्हाची गोष्ट तिच्या हातात कितीशी असते? दोन खोल्यांच्या घरात, समोरच्या इमारतीच्या सावलीत, नोकरीच्या आठ-दहा तासांत आणि लोकलच्या डब्यात तिच्या वाट्याला येणारे ऊन हा नगररचनेचा, कामाच्या वेळांचा आणि बाईला मोकळ्यावर निवांत बसू न देणाऱ्या समाजाचा प्रश्न आहे. ज्या गोष्टीचा कार्यकारणभाव सिद्ध नाही, त्यासाठी तिला दोषी धरणे हा अन्यायच होय.

‘ड’ला क्षुल्लक लेखावे असे यातून कुणी वाचू नये. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण पाहणीत, एक ते चार वर्षांच्या १४ टक्के, पाच ते नऊ वर्षांच्या १८ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या २४ टक्के मुलांत ‘ड’ची कमतरता निघाली. मुडदूस अजून गेलेला नाही. तान्ह्या बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यावेत, ही बालरोगतज्ज्ञांची शिफारस हाडांसाठी आहे आणि ती पाळलीच पाहिजे. फेफऱ्याच्या काही औषधांनी ‘ड’ घटते, आणि ऑटिझमच्या बऱ्याच मुलांना फेफरेही असते. त्यांची तपासणी मुद्दाम करावी. उन्हाबद्दल एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. बाळाला तेल चोळून कोवळ्या उन्हात निजवण्याची आपली रीत प्रेमळ आहे, पण सकाळी सातच्या तिरप्या किरणांत ‘ड’ घडवणारा अतिनील भाग फारच थोडा असतो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, त्या वेळचे ऊन कामाचे. खिडकीच्या काचेतून आलेले तर निरुपयोगी, कारण काच नेमका तोच भाग अडवते. मोठ्या माणसांनी आणि मोठ्या मुलांनी अशा उन्हात दहा-पंधरा मिनिटे हातपाय उघडे ठेवून फिरावे. तान्ह्याला मात्र दुपारच्या उन्हात नेऊ नये, त्याच्यासाठी थेंबच बरे.

हे सारे जसे कुठल्याही मुलासाठी करायचे तसेच ऑटिझम असलेल्या मुलासाठीही करायचे, त्याच कारणासाठी, म्हणजे त्याची हाडे बळकट व्हावीत आणि पाय दुखू नयेत म्हणून. त्याच्या बोलण्याची, संवादाची, शाळेची वाट दुसरीकडून जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र निदान व उपचार केंद्रे आहेत, अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करणारी पथके आहेत. दीड वर्षाचे मूल बोटाने दाखवत नाही, नावाने हाक मारल्यावर वळत नाही, एवढे अंगणवाडी सेविकेच्या लक्षात आले आणि तिथून ते महिनाभरात स्पीच थेरपिस्टसमोर बसले, तर त्याला जे मिळेल ते कोणत्याही पुडीत नाही. ‘ड’चा अहवाल घेऊन आलेल्या आईला डॉक्टरने पुडी लिहून द्यावी, आठवड्यातून एकदाच हे तीनदा बजावावे, हे तुमच्यामुळे झालेले नाही असे स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि मग कागद बाजूला ठेवून विचारावे: तहान लागली की हा काय करतो? तुमचा हात धरून माठापाशी नेतो का?